दुरडीच्या या बाजूला

कथा वाचून अयोध्या आधी रडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की कथेतली दुष्ट बाई आपणच आहोत. क्रम उलटा असता तर निदान रडणं वाचलं असतं. पण परंड्यात भर दुपारी, स्वतःच्या गिरणीच्या कट्ट्यावर, कमलबाईची ज्वारी दळत असताना माणसाला क्रम निवडता येत नाही. पट्टा फटफटत होता, गरम पीठ धारेनं डब्यात पडत होतं आणि अयोध्या दिवाळी अंक मांडीवर घेऊन त्या आईवेगळ्या पोरासाठी पदरानं डोळे पुसत होती. पदरालाही पीठच होतं, त्यामुळं डोळ्यांखाली खळ झाली. धाकट्या दिराची, इंद्रजितची, गोष्ट छापून आली म्हणून ती कौतुकानं वाचायला बसली होती. वाचता वाचता दीरही विसरली. त्या पोराच्या वहिनीला तिनं मनातल्या मनात दोन सणसणीत शिव्या घातल्या, एक माहेरची, एक सासरची. असली कसली बाई, हिच्या हाताला लकवा कसा भरला नाही, असं ती म्हणते न म्हणते तोच पुढच्या ओळीत त्या हाताच्या कोपराखाली भाजल्याचा डाग आला. चिंचोक्याएवढा, तपकिरी. अयोध्यानं वाचता वाचता आपलं कोपर खाजवलं. बोटांना डाग लागला. मग ती तशीच थांबली, गिरणीचे दगड रिकामे फिरायला लागले तरी थांबली. कमलबाईनं विचारलं, काय गं, कुणी गेलं का. अयोध्या म्हणाली, न्हाई, गोष्ट हाय.

आता कुणी म्हणेल, स्वतःला ओळखायला या बाईला एवढा वेळ का लागला. तर त्याचं असं आहे की आपली पाठ आपण कधीच बघितलेली नसते. कथेत होती ती बाईची पाठ. चुलीपुढं वाकलेली, घामानं चिकटलेल्या पोलक्याची, पाटावर बसलेल्या पोराला धुरातून दिसणारी. ते पोरगं म्हणजे ‘मी’. कथा ‘मी’नं सुरू होत होती आणि ‘मी’ हे फार सोयीचं आसन आहे. परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागते तेव्हा लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं. ज्याचा रुमाल आधी पडला, त्याला खिडकी. मग बाकीची सगळी माणसं त्याच्या खिडकीतनं पळणारी झाडं. झाडाला काय वाटतं ते खिडकीतल्याला दिसत नाही, आणि गाडीतले सगळे खिडकीतल्यालाच विचारतात, बाहेर काय दिसायलंय. इंद्रजितनं रुमाल टाकला होता. अयोध्याही त्याच्या मांडीवर बसूनच प्रवास करून आली होती, आणि वाटेत जी कजाग बाई दिसली तिला शिव्या घालून मोकळी झाली होती.

कथेचं नाव ‘चौथी भाकर’. गोष्ट एवढीशीच. नऊ-दहा वर्षांचं पोरगं आई मेल्यावर थोरल्या भावाच्या आधारानं राहतं. दादा देवमाणूस, खाली मान घालून जेवणारा. पोरगं तीन भाकरी खातं, चौथीसाठी हात पुढं करतं, वहिनी दुरडीवर फडकं ओढते आणि म्हणते, ‘पुरं की आता.’ पोरगं अंगणात जाऊन तांब्याभर पाणी पितं आणि पोटात पाणी डुचमळल्याचा आवाज ऐकत आडवं होतं. संपलं. यात खोटं काय, हे शोधायला अयोध्यानं कथा पुन्हा वाचली. खोटं काहीच नव्हतं. फडकं होतं. ‘पुरं की आता’ होतं. तांब्यासुद्धा होता, त्याला पोचा होता आणि तोही इंद्रजितनं सोडला नव्हता. एक अक्षर खोटं नसताना आपण एवढे वाईट कसे दिसतो, याचं तिला इतकं नवल वाटलं की राग यायला संध्याकाळ झाली.

राग आल्यावर तिनं फोन लावला. इंद्रजित पुण्यात एका कंपनीत बसून दुसऱ्यांच्या जाहिराती लिहितो. त्यानं आधी अंक मिळाला का विचारलं, मग दादाची तब्येत विचारली, मग परंड्यात थंडी पडली का विचारलं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाली, माझ्याविषयी कामून लिहिलं.

‘वहिनी, ती तुम्ही नाही. ते पात्र आहे.’

‘मग त्या पात्राच्या कोपराला माझा डाग कसा लागला?’

तो हसला. चांगला पोरगा आहे. अजून दिवाळीला साडी आणतो, वाकून नमस्कार करतो. त्यानं समजावून सांगितलं की कथेत नजर एकाची ठेवावी लागते, लहान पोराची ठेवली तर वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालता येतो, आणि त्या पोराला जे दिसलं नाही ते त्याला लिहिता येत नाही. हे अयोध्याला पटलंही. तरी तिनं विचारलं, मग माझी नजर का न्हाई घेतलीस. तो म्हणाला, तुमच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार, वहिनी. ती म्हणाली, इचारायचं. मग त्यानं खरंच विचारलं की काय होतं मनात, आणि अयोध्यानं सांगितलं की आता दळणं आलंय, ठेवते.

गावाचं म्हणाल तर गावानं कथा वाचली असं म्हणता येणार नाही. गावानं कथा ऐकली. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या शिवलिंगप्पा सरांनी तिच्या झेरॉक्स काढल्या, कारण आपल्या मातीतला लेखक. सर वर्गात वाचत असताना स्वतःच गहिवरले आणि त्यांना तास अर्धवट सोडावा लागला. ही बातमी कथेपेक्षा जास्त पसरली. मग लोक गिरणीत येऊन अयोध्याकडं असं बघायला लागले, की जणू ती पिठात काहीतरी कालवते आहे. कमलबाईनं निषेध म्हणून एक दळण दुसऱ्या गिरणीत नेलं. तिथं पीठ जाड आलं, भाकर थापताना चिरायला लागली, निषेध मागं घेतला. पण डबा ठेवताना म्हणाली, ‘लेकराला घासभर दिला असता तर काय झालं असतं गं?’ हे तिनं फडक्यानं डब्याची कड पुसत इतक्या मायेनं विचारलं की अयोध्याला क्षणभर स्वतःचीच दया आली, असल्या बाईच्या गिरणीत आपल्याला बसावं लागतं म्हणून.

हे सगळं ती पचवू शकली असती. माणसं बोलतात, पट्टा फिरतो, बोलणं ऐकू येत नाही, गिरणीचा तो एक फायदा आहे. पण सरांनी जिल्ह्याच्या कथाकथन स्पर्धेसाठी ‘चौथी भाकर’ निवडली आणि सादर करायला निवडली शिवांजली, अकरावीतली, अयोध्याचीच मुलगी. सरांचं म्हणणं, हिच्या आवाजात कारुण्य आहे. शिवांजलीनं आरशापुढं तालीम सुरू केली. पोराचा आवाज तिनं मऊ ठेवला, दादांचा नुसता खोकला ठेवला, आणि वहिनीसाठी आईचा आवाज घेतला. ‘पुरं की आता.’ भिंतीपलीकडून अयोध्यानं तो ऐकला. हुबेहूब. शेवटी थोडा वर चढणारा, नाकातला, मान झटकल्याचा आवाजसुद्धा त्यात ऐकू येणारा. आपण अशा बोलतो हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं आपला आवाज कसा साधा, पाण्यासारखा आहे. ती दारात जाऊन उभी राहिली. शिवांजली आरशातूनच म्हणाली, ‘मम्मी, कथा हाय ती. मनाला लावून घेऊ नको,’ आणि पुन्हा अंगणात जाऊन पाणी प्यायली.

मग एका जेवणाला ते झालं. बलभीमराव म्हणजे अयोध्याचे यजमान, बियाणांच्या दुकानात कामाला, खाली मान घालून जेवत होते. शिवांजली जेवत होती. अयोध्या तव्यावरची भाकर उलथत होती. शिवांजलीनं दुरडीकडं हात नेला, मध्येच थांबवला, आणि आईकडं न बघता, अगदी सहज विचारलं, ‘मम्मी, घेऊ का अजून एक?’

जन्मल्यापासून या पोरीनं कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातलंसुद्धा उचलून खाणारी पोरगी. अयोध्याच्या तव्यावरची भाकर करपली. धूर झाला, कथेतल्या दादांसारखं बलभीमराव खोकले, आणि अयोध्याला दिसलं की आपल्या घरात ती कथा सुरू झालेली आहे. आपली पाठ पुन्हा कुणाला तरी दिसते आहे. गावानं काय समजायचं ते समजो, गाव काही हिच्या पोटातून आलेलं नाही. पण पोरीचा तो हवेत थांबलेला हात... तिला वाटलं, इंद्रजितनं त्याच्या डोळ्यांतून पोरीला बघायला लावलंय, आता ही तिच्या लग्नात, तिच्या पोराबाळांत, आपण मेल्यावर तिरडीपाशीसुद्धा त्या पाटावरनंच बघत राहणार. ‘घे की,’ ती म्हणाली. आवाज कुठल्याही कथेत शोभला असता असा वाईट आला.

तो दिवस तिला आठवत नव्हता असं नाही. तो दिवस तिला जिभेवर आठवत होता. विशी गाठली नव्हती, सासू जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि सासूबरोबर घरातला सगळा बायकी आवाज गेला होता. सकाळपासून लाईट नव्हती. त्या वर्षी लोडशेडिंगनं गिरण्या बंद असायच्या. दळण डब्यात तसंच पडून, घरात होतं तेवढं पीठ काठवटीत झाडून घेतलेलं. (पुढं तिनं स्वतःच गिरणी काढली, पण त्याचा याच्याशी संबंध आहे असं कुणी समजू नये. गिरणी काढली कारण शेजारचा गाळा रिकामा होता.) पाटावर बसणाऱ्याला दुरडी दिसते, काठवट दिसत नाही. काठवट चुलीच्या बाजूला असते, ती थापणारीला दिसते. ती रिकामी होताना दिसते, बोटांनी कडेचं पीठ खरवडताना नखात दिसतं. नवऱ्याचं झालं, इंद्राच्या तीन झाल्या, एक राहिली. बाईनं शेवटी जेवायचं असतं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, श्वास घ्यायला तरी कोण शिकवतं. आणि मग तो हात आला. बारका, राखुंडीनं दात घासल्यामुळं बोट काळं झालेला. तिनं हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. हो, बघितलं. कथेत ती पाठमोरीच राहते, पण खऱ्यात ती वळली होती आणि त्या पोराला भूक लागली आहे हे तिला उन्हासारखं स्वच्छ दिसलं होतं. आणि तिनं फडकं ओढलं. ते दोघं हात धुवायला बाहेर गेले तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड करून ती भाकर ठेच्याबरोबर खाल्ली, इतक्या घाईनं की टाळू भाजला. तिखट, गरम, करपट कड असलेली. त्यानंतर तिनं पुष्कळ भाकरी खाल्ल्या. चव त्या एकीचीच राहिली.

आता ही गोष्ट आपण सांगितली तर काय होईल, याचा ती दळताना विचार करायची. रुमाल आपण टाकला तर खिडकी आपली. मग इंद्रा झाड. हावरट पोरगं, चौथी मागतं, घरातल्या बाईनं खाल्लं का याची शुद्ध नाही. यांना कथेत घेतलं तर हे त्याहून वाईट, देवमाणूस कसला, दगड. मग तिनं मांजराला खिडकीत बसवून बघितलं. तेव्हा घरात एक पांढरं मांजर होतं. मांजराच्या कथेत तिघंही सारखेच नालायक निघाले, कारण त्या दिवशी दूध कुणीच सांडलं नाही. मग तव्याला बसवलं. तव्याचं म्हणणं, माझ्या पाठीचं कुणी बोलतच नाही. हसू आलं. हसताना पीठ नाकात गेलं. आणि भाकर? तिला ‘मी’ केलं तर ती म्हणेल, मला कुणीतरी खाणारच होतं. एवढ्या सगळ्यांत तिच्या बाजूनं कुणी रडायला हवं असेल तर ती भाकर आहे. पण भाकरीची झेरॉक्स निघत नाही.

शेवटी बोलले ते बलभीमराव, आणि तेही कुणी विचारलं नसताना. शिवांजली तालमीत अंगणाकडं निघालेली, तर पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘ज्या भाकरीसाठी तू रडायलीस न्हवं, ती तूच खाल्ली हाईस.’ शिवांजली थांबली. ते म्हणाले, तवा तू मम्मीच्या पोटात हुतीस, चौथा-पाचवा महिना. आणि पेपर पुन्हा वर घेतला. एवढी वर्षं हे त्यांच्याजवळ होतं, हे अयोध्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवांजली गिरणीत आली ती उडतच. सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले होते, वा, काय कलाटणी आहे, आता ही वहिनीच्या तोंडून सांग, शेवटी पोटावर हात ठेव आणि गप उभी राहा, सगळं सभागृह ढसाढसा रडेल. इंद्रजितकाकालाही फोन झाला होता. तो म्हणाला होता, मला हे माहीत असतं तर कथा वेगळी झाली असती. शिवांजलीचे डोळे भरले होते. तिनं पिठानं भरलेल्या आईला मिठी मारली, ड्रेसची फिकीर केली नाही. ‘मम्मी, मला काय म्हायती तू माझ्यासाठी...’

अयोध्याला त्या उबेनं बरं वाटलं. आणि लगेच कुठंतरी खटकलं, दगडात खडा आल्यावर पट्टा अडतो तसं. खिडकी आपल्याला मिळाली होती, पण बसवणार होते पोटातल्या पोरीला. उद्या सगळे म्हणतील, बाई पोटुशी होती हो, म्हणून. तिला माफ करतील. तिची ओटी भरतील. कमलबाई रडून दळण टाकेल. पण जी बाई नुसतीच भुकेली होती, जिच्या पोटात भूक सोडून कुणी नव्हतं, तिला खायची परवानगी कोण देणार? ती पुन्हा पाठमोरीच. तिनं गिरणी बंद केली. दगड थांबेपर्यंत थांबली.

‘पोर काढ त्यातनं,’ ती म्हणाली.

‘कुठलं पोर?’

‘तू. तुला काढ. मला भूक लागली हुती म्हणून झाकली. पोटात तू नसतीस तरी झाकली असती.’

शिवांजली एखाद्या जाणत्या माणसासारखं म्हणाली, ‘असं सांगितलं तर कुणी रडणार न्हाई, मम्मी. नंबर येत नसतो मग.’

‘नगं येऊ दे. आणि त्याला भूक लागली ते मला दिसलं हुतं, ते बी सांग. न्हाईतर परत त्येच व्हायचं, फकस्त उलटं.’

पोरीनं यावर वाद घातला. दोन दिवस घातला. तू वाईट दिसशील म्हणाली. अयोध्या म्हणाली, दिसू दे, आत्ता काय चांगली दिसायले का. सरांनी बोलावून समजावलं की श्रोत्याला कुणाचा तरी हात धरावा लागतो. अयोध्या म्हणाली, सर, हात रिकामा असंल तर धरावा, माझ्या हाताला पीठ हाय. सरांनी चष्मा पुसला.

स्पर्धा धाराशिवला. सभागृहात पंखे लई आणि वारा कमी. आधी कुणाचा शहीद बाप झाला, कुणाची म्हातारी गाय, सगळीकडं रुमाल निघाले. मग शिवांजली उभी राहिली. हात नुसते सोडलेले. ‘मी अयोध्या,’ म्हणाली. ‘माझ्या दुरडीत एक भाकर राहिली हुती.’ नकलेचा आवाज नव्हता, तिचा स्वतःचाच होता. अयोध्याला आधी ती अनोळखी वाटली आणि मग वाटलं, हां, आपण अशा बोलतो. तिनं काठवट सांगितली. लाईट सांगितली. पोराचा काळ्या बोटाचा हात सांगितला आणि त्याची भूक मला दिसली हे सांगितलं. मग म्हणाली, ‘आमच्या ह्यांच्या ताटात किती हुत्या ते मी सांगू शकत न्हाई. त्यांच्या ताटातल्या मोजायची आमच्यात पद्धत न्हाई.’ मागच्या रांगांतून, जिथं बायका डबे घेऊन बसल्या होत्या, तिथून हसू आलं. आधी एक, मग पुष्कळ. बलभीमराव आपल्या चपला बघायला लागले. चपला नव्या होत्या, बघण्यासारख्या. ‘मी फडकं ओढलं. म्हणाले, पुरं की आता. मला भूक लागली हुती. मी खाल्ली.’ आणि शिवांजली नमस्कार न करताच खाली उतरली.

टाळ्या वाजाव्यात की नाही हे सभागृहाला ठरवता येईना. रुमाल हातातच राहिले. परीक्षकांतले एक गृहस्थ माईक घेऊन म्हणाले की सादरीकरण धीट आहे, मात्र सहानुभूती नेमकी कुणाविषयी वाटावी हे स्पष्ट होत नाही. अयोध्या उठली. उठायचं असं तिनं ठरवलं नव्हतं, गुडघे आपणहून उठले. शेकडो तोंडं वळली. पहिल्यांदाच तिची पाठ नाही, तोंड दिसत होतं सगळ्यांना.

‘कुणाविषयी नगं वाटू द्या, सर,’ ती म्हणाली. ‘ऐकलं न्हवं तुमी? झालं मग.’

ती बसली. पुढच्या मुलाचीही गायच सुरू झाली. अयोध्याला कडकडून भूक लागली होती. पहाटे निघताना काही खाल्लं नव्हतं. तिनं पिशवीतून डबा काढला, मांडीवर ठेवला, उघडला. लसणाचा वास रांगभर गेला. बलभीमराव कानाशी आले, ‘आगं, लोकं बघायलेत.’ तिनं मोठा तुकडा मोडला, ठेचा लावला, तोंडात घातला आणि चावत चावत समोर बघत राहिली. भाकर वातड झाली होती. झक्कास लागत होती.

शिवांजली येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. तिचा श्वास अजून वर होता. तिनं निकालाचं विचारलं नाही, कशी झाली विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. सरळ हात घातला आणि आईच्या डब्यातली अख्खी भाकर उचलली.

अयोध्यानं तिच्या हातावर चापट मारली. भाकर तशीच तिच्या हातात राहिली.

‘आधी माझं होऊ दे,’ अयोध्या म्हणाली, आणि खायला लागली.